नानांना मिळालेली खाट हक्काची होती का साहेबांची?

बांधावरून (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागची हकीकत सांगितल्याशिवाय कळायचा नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या अंगाला. माझं कृषी सेवा केंद्र आहे. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. वय ६७, केशरी रेशनकार्ड, अडीच एकर रान. गेल्या दिवाळीच्या तोंडावर गोठ्याचा पत्रा नीट करायला चढले आणि पाय सटकून डोक्यावर पडले. करमाळ्यातल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, आत रक्त साकळलंय, इथं थांबू नका. सोलापूर जवळ पडलं असतं, पण मेव्हणा पुण्यात, म्हणून गाडी पुण्याला वळवली. ॲम्ब्युलन्सवाल्याने आधी साडेआठ हजार मोजून घेतले, मग चावी फिरवली.

पहाटे सव्वातीनला एका मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. नाव लिहीत नाही, पण ट्रस्टचं आहे. नाना स्ट्रेचरवर, तोंडातून घरघर चाललेली, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "दीड लाख डिपॉझिट भरा, मग सीटीला घेऊ." माझ्या खात्यात ३८ हजार. महात्मा फुले योजनेत बसतंय का विचारलं, तर "आमचं हॉस्पिटल योजनेत नाही." मेव्हण्याचे, त्याच्या मालकाचे, गावातल्या दोघांना झोपेतून उठवून मागवलेले, असे करून ८० हजार फोनवरून भरले. तेव्हा कुठं दार उघडलं. डॉक्टर मात्र देवमाणूस निघाले, सकाळी नऊला ऑपरेशन उरकलं आणि नाना वाचले. हे आधी सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता तक्रारी करतोय.

दुसऱ्या दिवशी बाटली भरायला पाण्याच्या मशीनपाशी गेलो. मशीनच्या मागं भिंतीवर एक पाटी, अर्धी झाकलेली. गाल भिंतीला लावून वाचावी लागली. "निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा, दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव." फोटो काढला आणि समाजसेवा विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "फुल आहेत. आणि हे ॲडमिट होतानाच सांगायचं असतं." पहाटे सव्वातीनला मी काय पाट्या वाचत हिंडणार होतो?

मग सरपंचांना फोन केला. त्यांनी साहेबांच्या, म्हणजे आमच्या आमदारांच्या, ऑफिसला लावला. चाळीस मिनिटांत व्हॉट्सॲपवर साहेबांच्या लेटरहेडवर पत्र आलं. बाहेर झेरॉक्सवाल्याकडं दहा रुपयांत छापून घेतलं आणि त्याच मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "बसा ना." संध्याकाळी निरोप आला, एक खाट निघाली.

आता खाट निघाली म्हणजे काय झालं, ते ऐका. नाना होते त्याच वॉर्डात, त्याच खिडकीजवळच्या खाटेवर राहिले. चादरसुद्धा बदलली नाही. फक्त फाईलवर एक हिरवा स्टिकर लागला. बिल ३ लाख ८४ हजार होतं, त्यातले २ लाख १० हजार कमी झाले.

इथपर्यंत आनंदच होता. पण आता एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागलाय. "साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून गोरगरिबांना जीवदान", आणि खाली पट्टी बांधलेल्या नानांचा फोटो. फोटो कुणी दिला माहीत नाही. येत्या १८ तारखेला आरोग्य शिबिर आहे. ऑफिसातून फोन आला, नानांना स्टेजवर आणा, दोन शब्द बोलायला लावा. नाना मला विचारतायत, "जाऊ का रं?"

मला विचारायचंय की ती खाट कायद्यानं नानांची होती का? असेल तर साहेबांनी दिलं काय? साहेबांच्या घरचाही ट्रस्ट आहे, त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. त्यांनी सभागृहात हा विषय काढल्याचं मी तरी कधी वाचलेलं नाही. जाणकारांनी सांगावं. आणि नानांना काय सांगू तेही.

---

निळास्टिकर

बांधावरून दादा, मी निवृत्त आहे. मुंबईत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात २६ वर्षं त्याच टेबलामागे बसले, ज्याच्यासमोर तुम्ही ते पत्र ठेवलंत. तुमच्याकडे हिरवा स्टिकर, आमच्याकडे निळा होता. म्हणून हे नाव घेऊन लिहितेय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, खाट नानांचीच होती, तहसीलदाराच्या दाखल्यात उत्पन्न बसत असेल तर. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर तो निर्धन रुग्ण, त्याला उपचार मोफत. ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, त्याला सवलतीत. तुमचं अर्ध्याहून जास्त बिल कमी झालं पण सगळं गेलं नाही, त्यावरून त्यांनी नानांना दुसऱ्या गटात टाकलेलं दिसतं. तलाठ्याचा आणि तहसीलदाराचा कागद वेळेत हातात असता तर कदाचित पहिल्या गटात बसले असते. केशरी कार्ड आणि अडीच एकर, उत्पन्न किती असणार?

आता हे आलं कुठून. या ट्रस्टांना जमिनी नाममात्र भाड्याने मिळाल्या, वाढीव एफएसआय (म्हणजे जादा बांधकामाची परवानगी) मिळाला, आयकरात सूट मिळाली. त्या बदल्यात गरिबांसाठी काही करायचं, हे सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक मध्ये १९८५ पासून लिहिलेलं आहे. वीस वर्षं कुणी विचारलं नाही. शेवटी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने योजना आखून दिली, ती सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. १० टक्के आणि १० टक्के खाटा, शिवाय प्रत्येक बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. त्याला आम्ही आयपीएफ म्हणायचो. निर्धनाच्या औषधांचे, इम्प्लांटचे पैसे त्यातून द्यायचे. म्हणजे बघा, शेजारच्या स्पेशल रूममधल्या शेठजींच्या बिलातून नानांसाठी पैसे आधीच कापून ठेवलेले असतात. साहेबांच्या खिशातून काही जात नाही.

आणि डिपॉझिट. तुमच्या हकिगतीतली मला सर्वांत लागलेली गोष्ट तीच. इमर्जन्सीत अनामत मागायची नाही, आधी दाखल करून घ्यायचं, हे २००६ च्या त्या योजनेतच आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात अनामतीवरून मोठं प्रकरण पेटलं. त्यानंतर धर्मादाय, म्हणजे या ट्रस्टच्या, हॉस्पिटलांना पुन्हा आदेश निघाले की इमर्जन्सीत डिपॉझिट घेऊ नका. पुन्हा! एकोणीस वर्षांपूर्वीचंच वाक्य नव्या कागदावर टंकून काढलं आणि पेपरांनी ते नवा निर्णय म्हणून छापलं.

आता माझी कबुली. आमच्याकडे खाटांचं रजिस्टर पेनने लिहायचं आणि काही ओळी पेन्सिलने. ॲडमिनचे साहेब दर सोमवारी सांगायचे, "बाई, चारेक खाटा हातात ठेवा, कुणाचा फोन येईल सांगता येत नाही." कुणाचा म्हणजे मंत्रालयाचा, आमदाराचा, नगरसेवकाचा, कधी पोलीस ठाण्याचा. मग सकाळी धारावीतून एखादी बाई पोराला कडेवर घेऊन यायची, कागद सगळे बरोबर असायचे, आणि मी म्हणायचे, "फुल आहेत." संध्याकाळी पत्र घेऊन कुणी आलं की पेन्सिलची ओळ पेनने गिरवायची. खाट रिकामी असायची हो, पण पत्राची वाट बघत. तुमच्या मॅडमनी मान वर का केली नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. मीही करत नसे.

त्यामुळे साहेबांनी सभागृहात विषय का काढला नाही, याचं उत्तर मला फारसं अवघड वाटत नाही. समजा उद्या हॉस्पिटलच्या दारात मोठा फळा लागला, आज एवढ्या खाटा रिकाम्या, दाखला दाखवा आणि घ्या. मग पत्राची किंमत काय उरली? हॉस्पिटललाही पत्रच परवडतं. कायद्याने सगळ्या खाटा भरायच्या म्हटल्या तर ताळेबंद वेगळा दिसतो. पत्राने महिन्याला पंधरा-वीस दिल्या की साहेब खूश, आणि हिशेबाला कुणी हात लावत नाही.

---

कोथरूडचा_जावई

ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मला हे जरा एकतर्फी वाटतं. साहेबांनी फोन केला म्हणून नानांचे २ लाख वाचले ही वस्तुस्थिती आहे ना? केला नसता तर कायदा नानांच्या उशाशी येऊन बसला असता का? ज्याने मदत केली त्याचे आभार मानायला काय जातं? आपल्याकडे माणूस काम करेना म्हणून शिव्या, आणि केलं तरी शिव्या.

---

पत्रलेखक

इथे नाव बदलून लिहितोय, समजून घ्या. मी एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात आहे (बांधावरूनचे साहेब नव्हेत, दुसरा जिल्हा). अशी पत्रं मीच टाईप करतो. मजकूर तयार असतो, फक्त रुग्णाचं नाव, वय आणि हॉस्पिटल बदलायचं. सही स्कॅन करून ठेवलेली आहे.

कोथरूडचा_जावई यांच्या बाजूने थोडं बोलतो. रात्री दोनला फोन येतो, समोर माणूस रडत असतो, तेव्हा मी त्याला ४१ कक सांगत बसू का? पत्र पाठवतो. आमच्या साहेबांनी असे शेकड्यांनी जीव वाचवलेत आणि त्यात खोटं काही नाही. स्वतःच्या गाडीतून पेशंट नेलेले मी पाहिलेत. लोकांनाही पत्रच लागतं. मी एकदा एकाला म्हटलं, दादा पत्राची गरज नाही, नुसता दाखला घेऊन जा. तो इतका चिडला, म्हणाला, "म्हणजे साहेब आमचं काम करत नाहीत होय?"

पण ताईंनी लिहिलंय त्यात खोट काढता येत नाही. आमच्याकडं एक वही आहे. रुग्णाचं नाव, गाव, मोबाईल, वाचलेली रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात घरातली मतं किती. निवडणुकीच्या आधी त्या वहीवरून फोन जातात. हॉस्पिटलने खाटा सरळ वाटल्या असत्या तर ही वही कोरी राहिली असती. एवढंच सांगतो, जास्त लिहिलं तर नोकरी जाईल.

---

बारा_खाटा

मी एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी बारा खाटांचं हॉस्पिटल आहे, बावीस वर्षं झाली. ट्रस्ट नाही, सवलतीची जमीन नाही, डोक्यावर बँकेचं कर्ज आहे. हा धागा वाचून उद्या कुणी माझ्या दारात १० टक्के मागायला येईल, म्हणून आधीच सांगतो, ही योजना धर्मादाय हॉस्पिटलांना आहे, सगळ्यांना नाही.

मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. खाटांचा विषय त्यातल्या त्यात बरा, कारण निदान न्यायालयाचा कागद आहे. उरलेल्या हॉस्पिटलांचं काय? केंद्राने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. दर जाहीर करा, किमान दर्जा ठेवा, इमर्जन्सीत रुग्ण स्थिर होईपर्यंत उपचार द्या, असा. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही, आम्ही आमचा करू म्हणाले. मसुदा झाला, समिती झाली, मसुदा कपाटात गेला. आपल्याकडे अजून १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले. रुग्ण हक्क सनद लावा, दरपत्रक लावा, महापालिका आणि जिल्हा पातळीवर तक्रार निवारण कक्ष काढा. सनद माझ्या दवाखान्यात फ्रेम करून लावलेली आहे. ती तपासायला आजवर कुणी आलेलं नाही.

आता कायदा का अडतो ते ऐका, कारण त्यात आम्हीही आहोत. विधेयकाची नुसती कुजबुज झाली की आमच्या संघटनेचे मेसेज सुरू होतात. "छोट्या दवाखान्यांचा गळा घोटला जाणार." भीती खोटी नाही. पाचशे खाटांच्या हॉस्पिटलला लावायचे निकष बारा खाटांना लावले तर मी कुलूप घालीन. त्यावर साधा उपाय आहे, आम्हाला वेगळे निकष द्या. पण मोर्चात पुढे आम्ही असतो, पांढऱ्या कोटातले तालुक्याचे डॉक्टर. ज्यांचं एका दिवसाचं बिल माझ्या महिन्याच्या बिलाएवढं, ते मोर्चात कधी दिसत नाहीत. ते मुंबईत मंत्र्यांबरोबर जेवतात. कायदा बारगळला की आम्ही पेढे वाटतो आणि फायदा त्यांचा होतो. हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

सरकारला दर ठरवता येत नाहीत असंही नाही. २१ मे २०२० चा आदेश आठवा. कोविडच्या काळात खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दरात. साधा वॉर्ड ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हे आपल्या हातात नाही. वरून औषधं आणि पीपीई किटच्या नावाखाली अनेकांनी वाट काढलीच, ऑडिटर नेमावे लागले, काहींना पैसे परत करावे लागले. पण दर होता. आज तो का नाही, हे तुमच्या साहेबांना विचारा.

राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा झाला. विधेयकाविरुद्ध आमच्याच बिरादरीने दोन आठवडे दवाखाने बंद ठेवले. शेवटी सरकारने तडजोड केली, पन्नासपेक्षा कमी खाटांची, तशीच सरकारी सवलत न घेतलेली खासगी हॉस्पिटलं बाहेर. तेवढ्यावरही गाडं पुढे गेलं नाही, नियमच निघाले नाहीत. तिथे सरकारही बदललं. म्हणजे हा एका पक्षाचा दोष नाही.

---

कोथरूडचा_जावई

डॉक्टर, मंत्र्यांबरोबर जेवतात हे जरा वर्तमानपत्री झालं. पुरावा?

---

बारा_खाटा

जेवणाचं बिल माझ्याकडे नाही. पण निवडणूक रोख्यांची, म्हणजे पक्षांना देणग्या द्यायच्या रोख्यांची, यादी सगळ्यांसमोर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोखे रद्द केले, मार्चमध्ये नावं बाहेर आली. हैदराबादच्या एका हॉस्पिटल समूहाने एकट्याने १६२ कोटींचे रोखे घेतलेले आहेत. औषध कंपन्या डझनांनी आहेत. त्यातल्या प्रत्येकाने काहीतरी विकत घेतलं असं मी म्हणत नाही. तुमच्या नानांसारख्या सगळ्या रुग्णांनी मिळून किती रोखे घेतले, एवढं मनात धरा म्हणजे झालं.

आणि आपल्याकडे तर मधला माणूसही लागत नाही. खासगी मेडिकल कॉलेजांच्या कमानी वाचत जा. लोणी विखे पाटलांची, भारती विद्यापीठ पतंगराव कदमांचं, डी. वाय. पाटलांची कोल्हापूरपासून नवी मुंबईपर्यंत. यात गुन्हा काही नाही. उलट लोणीसारख्या ठिकाणी त्या काळात मोठं हॉस्पिटल आलं म्हणून किती गावं जगली, माझी सख्खी आत्या तिथेच बरी झाली. पण ज्या घरांत हॉस्पिटल आहे त्याच घरांतून मंत्री आणि आमदार होतात, तेव्हा हॉस्पिटलांवर लगाम घालणारा कायदा कोण मांडणार? ऊस उत्पादकाचा भाव कारखान्याच्या चेअरमनने ठरवायचा, तसलंच हे.

---

बांधावरून (प्रश्नकर्ता)

उसाचा दाखला बरोबर बसला डॉक्टर. आमच्याकडं काट्यावर वजन करतो तो कारखान्याचाच माणूस असतो.

कोथरूडचा_जावई दादा, मी कृतघ्न नाही. साहेबांनी पत्र दिलं नसतं तर मी ते २ लाख सोसायटीतून उचलले असते आणि अजून फेडत बसलो असतो, हे मला कळतं. माझं दुखणं वेगळं आहे. नानांच्या शेजारच्या खाटेवर मंगळवेढ्याकडचा एक मुलगा होता, ट्रॅक्टरवरून पडलेला. त्याचा बाप बिचारा बुजरा, कुणाला ओळखत नव्हता. त्याला मी ती पाटी दाखवली. तो गेला, "फुल आहेत" ऐकून परत आला आणि गप बसला. त्याच संध्याकाळी नानांच्या फाईलला स्टिकर लागला. त्या बापाने पाहिलं. काही बोलला नाही, मला म्हणाला, "चला, तुमचं तरी झालं." त्याच्या अंगावर पूर्ण बिल गेलं. त्याच्या गावचे आमदार वेगळे, त्याच्याकडं कुणाचा नंबर नव्हता. हे सगळं मी पहिल्या प्रश्नात लिहिलं नव्हतं, लाज वाटली म्हणून.

निळास्टिकर ताई, आता करता काय येईल ते सांगा.

---

निळास्टिकर

मंगळवेढ्याच्या त्या बापासारखे माझ्याही डोळ्यांसमोर बरेच आहेत. असो.

माहितीचा अधिकार वापरा. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. जन माहिती अधिकारी, धर्मादाय सह आयुक्त कार्यालय, पुणे. हॉस्पिटलकडे नको, तिथे ते "आम्ही खासगी" म्हणून हात वर करतील. लंबाचौडा मजकूर लिहू नका. "योजनेची अंमलबजावणी कशी होते" असं विचारलंत तर चार पानांचं शासकीय पुराण येईल. तारीख घालून मागा. नाना दाखल झाले त्या दिवसापासून सुटेपर्यंत रोज किती राखीव खाटा होत्या, किती भरलेल्या, किती रिकाम्या. त्या महिन्याअखेर आयपीएफ खात्यात किती जमा, किती खर्च, किती शिल्लक. आणि या योजनेवरच्या देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. रिकाम्या खाटांची माहिती हॉस्पिटलांनी रोज भरायची असते, धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर ती दिसायला हवी. त्यामुळे "आमच्याकडे नाही" हे उत्तर त्यांना जड जाईल.

डिपॉझिटची ८० हजारांची पावती जपून ठेवलीय ना? तिच्यावर वेळ छापलेली असते. पहाटे ३ वाजून अमुक मिनिटं. इमर्जन्सी होती हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

नानांना स्टेजवर पाठवायचं का, ते मात्र मला विचारू नका. त्यांना गावात राहायचंय, मला नाही.

---

पत्रलेखक

एक सुचवतो, ऐकायचं तर ऐका. स्टेजवर जाऊ दे. नाही गेले तर ऑफिसात नोंद होते. आमच्याकडं तरी होते.

---

बांधावरून (प्रश्नकर्ता)

दोन महिन्यांनी लिहितोय. काही जणांनी निरोपातून विचारलं म्हणून पुढचं सांगतो.

नाना स्टेजवर गेले. मी नको म्हणालो होतो. धुवट धोतर, नवी टोपी घालून गेले. शाल, श्रीफळ झालं, माईक हातात दिला, नाना म्हणाले, "साहेबांचे लई उपकार हायेत." खाली बसले. घरी आल्यावर मी काही बोललो नाही. तेच ओसरीवर बसून शालीची घडी घालत म्हणाले, "अरं, तुझ्या काकूला गुडघं हायेत, मला बीपी हाय. परत कवातरी जावंच लागंल का न्हाय? आन् पाणंद रस्त्याचं कामबी त्यांच्याच टेबलावर हाय." मला यावर उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

माहितीच्या अधिकाराचं उत्तर ३४ दिवसांनी आलं. इतिवृत्तांबद्दल "शोध सुरू आहे" असं लिहिलंय. खाटांचा तक्ता मात्र जोडलाय. झेरॉक्स इतकी पुसट की दुपारच्या उन्हात धरून वाचली. नाना दाखल झाले त्या दिवशी निर्धन गटात ११ खाटा रिकाम्या. दुसऱ्या दिवशी, मला आणि मंगळवेढ्याच्या माणसाला "फुल" सांगितलं त्या दिवशी, ९. आयपीएफची महिनाअखेरची शिल्लक सात आकडी आहे.

तो तक्ता मी नानांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग त्या ९ वर बोट ठेवून विचारलं, "ही नऊ म्हंजी ते मंगळवेढ्याचं पोरगंबी बसलं असतं की यात?"

त्या बापाचा नंबर माझ्याकडं आहे, वॉर्डात असताना चार्जर मागायच्या निमित्तानं घेतला होता. बिल भरून चार-पाच महिने झाले असतील तरी पैसे परत मागता येतात का, आणि अर्ज त्यांनी करायचा का त्यांच्या वतीने मी केला तरी चालतो, हे कुणी सांगेल का? ताई, डॉक्टर, कुणीही.

---

निळास्टिकर

अर्ज त्यांच्या सहीने पाहिजे, धर्मादाय सह आयुक्तांच्या नावे. मजकूर तुम्ही लिहिलात तरी हरकत नाही. सोबत मूळ बिलाची प्रत, डिस्चार्ज कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि तुम्हाला आलेल्या त्या तक्त्याची प्रत लावा. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण तक्ता हातात असलेला अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मला मान वर करावी लागली असती. इतिवृत्तांसाठी पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करा, त्यातले किती गेले ते मोजा आधी. दाखला काढायला त्यांना तलाठ्याकडे आजच पाठवा, तिथेच वेळ जातो.